मिडी ई-बसला इशाऱ्याचा आवाज बसवताना: पूर्व उपनगरातल्या एका बस चौकीचं प्रकरण

पार्श्वभूमी

मुंबईच्या पूर्व उपनगरातलं एक रेल्वे स्थानक. बाहेर पडलं की बस चौकी, तिला खेटून रिक्षांची रांग. पदपथ फेरीवाल्यांनी भरलेला, त्यामुळे माणसं चालतात ती गाड्यांच्या रस्त्यावरूनच. चौकीच्या मागे दोन जुन्या इमारती. पहिल्या मजल्याच्या खिडक्या उभ्या गाडीपासून जेमतेम पाच मीटरवर. इथून सुटणाऱ्या बहुतेक गाड्या ९ मीटरच्या वातानुकूलित मिडी ई-बस आहेत, भाडेतत्त्वावरच्या. चालक आणि देखभाल कंत्राटदाराची, वाहक आणि स्टार्टर (चौकीतून गाड्या सोडणारा कर्मचारी) बेस्ट उपक्रमाचे. ओळख पटू नये म्हणून स्थानक, आगार आणि कंत्राटदार यांची नावं वगळली आहेत.

मुंबईकराच्या कानाला बसची एक जुनी सवय आहे. आधीच्या कित्येक गाड्यांचं इंजिन पुढे, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला बॉनेटखाली असायचं. गाडी आली की घरघर आधी पुढून यायची, मग गाडी. या ई-बसमध्ये मोटर मागे, एसीचं युनिट टपावर आणि हवेचा कॉम्प्रेसर मधूनमधून चालणारा: टाकी भरली की तो बंद. म्हणजे गाडी अगदीच मुकी नाही, पण तिचा जो काही आवाज आहे तो मागे आणि वर आहे. ज्याच्या अंगावर ती येते, त्याच्या दिशेला सगळ्यात कमी. ‘ई-बस शांत असते’ एवढंच म्हणून भागत नाही. ती पुढून शांत असते, आणि पुढचं सगळं काम या एका फरकावर उभं राहिलं.

काय घडलं

पहाटे पाचनंतरची वेळ. पहिली गाडी चौकीतून सुटत होती. डाव्या कडेला एक सफाई कामगार बाई गाडीकडे पाठ करून रस्ता झाडत होत्या. चालकाचं लक्ष उजव्या आरशात, कारण उजवीकडून रिक्षा घुसत होती. गाडीचा वेग माणसाच्या चालीइतका. डावा आरसा बाईंच्या खांद्याला लागला, त्या पडल्या आणि मनगट मोडलं.

सीसीटीव्हीत दोन गोष्टी दिसल्या. गाडी हलल्यापासून धक्का लागेपर्यंत त्यांनी एकदाही मान वळवली नाही. आणि खराट्याचा हात थांबला नव्हता. डांबरावर खराटा ओढल्याची खरखर त्यांच्या स्वतःच्या कानापासून हातभर अंतरावर होती; आजूबाजूची गल्ली शांत असली तरी त्यांच्या कानाशी शांतता नव्हती. चौकीच्या नोंदवहीत आधीच्या काही महिन्यांत अशाच दोन तक्रारी होत्या, ‘गाडी कळलीच नाही’ या शब्दांत. त्या तेव्हा बेशिस्त चालणाऱ्यांच्या खात्यात गेल्या होत्या.

नियम काय सांगतात

गाडी येते आहे हे पायी माणसाला कळावं म्हणून ई-गाडीतून मुद्दाम काढायच्या आवाजासाठी जगात सर्वाधिक आधार घेतला जातो तो संयुक्त राष्ट्रांच्या १३८ क्रमांकाच्या नियमाचा. गाडी सुरू झाल्यापासून ताशी २० किमीपर्यंत आवाज हवा. १० किमीला किमान ५० डेसिबल, २० किमीला ५६, मागे जाताना ४७. मोजायचं गाडीच्या मध्यरेषेपासून २ मीटरवर, जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर. कमाल मर्यादा ७५. वेगाबरोबर स्वर चढला पाहिजे: ताशी १ किमीमागे किमान ०.८ टक्के. ५ ते २० किमीपर्यंत हे साधारण १२ टक्के होतं, म्हणजे षड्जापासून शुद्ध ऋषभापर्यंतचं अंतर. गाण्याचा कान नसलेल्यालाही सा आणि रे वेगळे कळतात, त्यामुळे ही अट वाटते तितकी किरकोळ नाही. २० किमीच्या पुढे टायरचा आवाजच पुरेसा होतो.

भारतात यासाठी एआयएस-१७३ हे मानक आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या सप्टेंबर २०२५ च्या मसुद्यात प्रवासी आणि मालवाहू ई-वाहनांसाठी हा आवाज सक्तीचा करण्याचा प्रस्ताव आला: नव्या मॉडेलना १ ऑक्टोबर २०२६ पासून, चालू मॉडेलना १ ऑक्टोबर २०२७ पासून. या चौकीच्या गाड्या जुन्या खेपेच्या होत्या, त्यांत मुळात काहीच बसवलेलं नव्हतं.

पहिला निर्णय: मोजायचं कधी

कंत्राटदाराच्या बाजूने आधी सुचवलं गेलं की गल्लीतल्या आवाजाचं मोजमाप संध्याकाळी सातला करावं, कारण गर्दी तेव्हाच असते. अपघात मात्र पहाटेचा होता. शेवटी दोन्ही वेळा मोजलं आणि तिथेच प्रश्नाचे दोन तुकडे झाले.

पहाटे गल्लीचा आवाज ४८ डेसिबलच्या आसपास, संध्याकाळी ७५ च्या वर. आता हिशोब मांडू. ताशी १० किमी म्हणजे सेकंदाला २.८ मीटर. आवाज ऐकून, दिशा ओळखून, बाजूला व्हायला माणसाला अडीच सेकंद धरले तर गाडी ७ मीटरवर असताना ती कळली पाहिजे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. २ मीटरवर ५० असलेला आवाज ८ मीटरवर ३८ होतो. पहाटे तेवढाही काही प्रमाणात सापडतो, कारण कान एकूण आवाज मोजत नाही, तो उंच-खालच्या स्वरांच्या पट्ट्यापट्ट्याने ऐकतो आणि पहाटेच्या शांततेत काही पट्टे जवळजवळ रिकामे असतात. संध्याकाळी तो सापडणं अशक्य. संध्याकाळच्या गर्दीत ८ मीटरवरून ऐकू यायचा तर २ मीटरवर आवाज ८० च्या पुढे न्यावा लागेल, म्हणजे कमाल मर्यादेच्या बाहेर. शिवाय तसा आवाज करणाऱ्या सहा गाड्या एका चौकीत उभ्या केल्या तर गर्दीचा आवाजच वाढेल आणि पुन्हा तिथेच येऊन थांबू.

म्हणून ठरलं: आवाज पहाटेसाठी, रात्रीसाठी आणि आगाराच्या आवारासाठी. संध्याकाळच्या गर्दीसाठी आवाजावर विसंबायचं नाही, तिथे रस्त्याची मांडणी बदलायची. बैठकीत हे पटवायला सगळ्यात जास्त वेळ गेला. ‘यंत्र बसवलं’ म्हणजे प्रश्न मिटला असं कागदावर दाखवणं सोपं असतं, आणि गर्दीच्या वेळी ते यंत्र जवळजवळ निरुपयोगी आहे हे लिहून द्यायला कुणी तयार नसतं. इथे ते लिहून घेतलं गेलं, आणि त्यामुळेच पुढे रेलिंगसाठी पैसे मंजूर झाले.

तोललेले पर्याय

सुटताना छोटा हॉर्न देणं हा बिनखर्चाचा पर्याय होता. पण रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत, निवासी भागात, दर फेरीला हॉर्न हे ना कायद्याला धरून, ना शेजाऱ्यांना. आणि मुंबईत हॉर्नला कोणी मान वळवत नाही.

घंटेची कल्पना वाहकांकडून आली आणि ती मनापासून होती: कंडक्टरची डबल बेल म्हणजे गाडी निघाली, हे शहरातल्या पोरालाही माहीत आहे, मग तीच बाहेर वाजवावी. ती नाकारताना वाईट वाटलं, पण कारणं ठाम होती. घंटा तुटक असते. दोन टोल्यांच्या मधे गाडी कुठवर आली ते कळत नाही. वेग वाढला हे घंटा सांगू शकत नाही. आणि संयुक्त राष्ट्रांच्या मार्गदर्शक सूचनांत घंटा, सायरन, सुरावट, प्राण्यांचे आवाज आणि तुटक आवाज हे सगळे स्पष्टपणे वर्ज्य आहेत.

मोटारीसाठीचा तयार संच स्वस्त होता, पण त्याचा छोटा स्पीकर खालचे स्वर काढू शकत नाही. लंडनने जानेवारी २०२० मध्ये १०० क्रमांकाच्या मार्गावर खास बनवलेला आवाज चाचणीसाठी उतरवला, त्याचाही विचार झाला. पण आवाज आजूबाजूच्या आवाजांशी जुळवून बेतावा लागतो, दुसऱ्या शहराचा उचलून चालत नाही. हे लवकरच दिसलं.

निवड झाली ती वेगळा ॲम्प्लिफायर, मोठा स्पीकर आणि स्वतः बेतलेला आवाज यांची, आधी सहा गाड्यांवर.

पहिला आवाज का फसला

पहिल्या आवाजात मोटरचा चढत जाणारा सूर होता. कागदावर उत्तम. चौकीच्या भिंतीपलीकडे मात्र फलाट आहे, आणि तिथून सुटणाऱ्या थ्री-फेज लोकलची मोटर अगदी असाच चढता सूर काढते. माणसं तो सूर ऐकून लोकल सुटली असं समजून स्थानकाकडे बघत, काही जण पाय उचलत, तेही बसच्या समोरून. हा आवाज दोन दिवसांत काढला.

दुसरी चूक शुद्ध सुरांची. ४०० हर्ट्झचा सूर १० किमी वेगाला धरला, तर ११ किमीवरच्या शेजारच्या गाडीचा सूर ०.८ टक्के वर, म्हणजे ४०३ च्या आसपास. दोन्ही एकत्र आले की सेकंदाला तीनदा ‘वाँव-वाँव’ अशी हेलकावणारी थाप उठते. एकामागोमाग तीन गाड्या सरकायला लागल्या की सगळी गल्ली गुंगायची आणि कोणती गाडी कुठे हे कळायचं नाही.

तिसरी चूक पकडली ती दृष्टिहीन प्रवाशांनी. चाचणी अशी होती: दर २ मीटरवर शंकू, प्रवासी कडेला उभा, गाडी कधी डावीकडून, कधी उजवीकडून, आणि काही फेऱ्या खोट्या, म्हणजे गाडी येतच नाही. ऐकू आली की हात वर करायचा आणि दिशा दाखवायची. पाच नियमित प्रवासी होते, पांढरी काठी वापरणारे. त्यांचं म्हणणं असं पडलं की गाडी आहे हे कळतं, पण ती कोणत्या अंगाला आहे ते पक्कं सांगता येत नाही. एका बाईंनी हात वर केला, बोट अर्धवट उचललं आणि तसंच हवेत धरून ठेवलं. गाडी पुढून निघून गेल्यावर त्यांनी ते खाली घेतलं.

कारण तांत्रिक आहे. साधारण १५०० हर्ट्झच्या खाली मेंदू दोन कानांतल्या वेळेच्या फरकावरून दिशा काढतो, ३००० च्या वर तीव्रतेच्या फरकावरून. मधल्या पट्ट्यात दोन्ही खुणा दुबळ्या. पहिल्या आवाजाचा बराचसा जोर नेमका या मधल्या पट्ट्यात होता.

सुधारलेला आवाज

मग सूर सोडून पट्टे घेतले. खालचा थर ३१५ ते ६३० हर्ट्झचा, भरड, घरघरीसारखा. वय झालेल्या कानांना वरचे स्वर कमी ऐकू येतात, त्यांच्यासाठी हाच थर कामाचा. वरचा थर ३ ते ४ किलोहर्ट्झचा, बारीक सळसळीसारखा, दिशेसाठी. मधला पट्टा मुद्दाम पातळ ठेवला. स्वर चढतो ही अट पूर्ण व्हावी म्हणून खालच्या थरात एक अस्पष्ट सूर लपवला. शुद्ध सूर उरला नाही, त्यामुळे दोन गाड्यांची हेलकावणारी थापही गेली. १० किमीला २ मीटरवर पातळी ५८ डेसिबल ठेवली.

बसवताना काय बिघडलं

स्पीकर आधी पुढच्या बंपरमागे, नंबर प्लेटच्या उजवीकडे बसवला, कारण तिथे जागा होती. मोजल्यावर डाव्या बाजूला आवाज ४ डेसिबल कमी भरला. आपल्याकडे माणसं, दरवाजा आणि पदपथ सगळं डावीकडे. स्पीकर डावीकडे सरकवला, समोरच्या फायबरला जाळीदार झरोका पाडला, तेव्हा वरचा थरही बाहेर आला.

वेगाचा सिग्नल चाकाच्या सेन्सरवरून घेतला होता. तो ताशी २-३ किमीच्या खाली शून्यच दाखवतो, म्हणजे गाडी हलून गेल्यावर आवाज सुरू. अपघात झाला तो नेमका याच पहिल्या काही हातांत. म्हणून सिग्नल मोटरच्या फेऱ्यांवरून घेतला. मोटरचा सेन्सर शून्यापासून मोजतो. चाकाचा घेर सुमारे २.४ मीटर असल्यामुळे १० किमीला चाक मिनिटाला ६९ फेरे घेतं, त्याला ॲक्सलच्या गुणोत्तराने गुणलं की मोटरचे फेरे मिळतात. गाडीच्या डेटा वायरीला कापून जोड दिला नाही, बाहेरून चिमट्यासारखा बसणारा वाचक वापरला. तारेला हात लावला असता तर वॉरंटीचा वाद उभा राहिला असता.

दोन आठवड्यांनी सहापैकी दोन गाड्यांतल्या आवाजाच्या संचाचा फ्यूज काढलेला सापडला. पर्यवेक्षकाची पहिली इच्छा नोटीस काढण्याची होती. त्याआधी एका फिटरने गाडीत बसून फेरी मारली, आणि कारण समजलं. स्पीकरचा ब्रॅकेट थेट पुढच्या पॅनेलला बोल्ट केला होता. खालच्या थराने पॅनेल गुणगुणायचं आणि आठ तास तो आवाज चालकाच्या गुडघ्यातून वर चढायचा. फ्यूज काढणाऱ्या माणसाचं डोकं खरंच दुखत होतं. ब्रॅकेट पॅनेलवरून काढून चासीच्या आडव्या पट्टीला, रबर बुश घालून बसवला. त्यानंतर फ्यूजला सील लावलं. हा क्रम महत्त्वाचा ठरला. आधी सील लावलं असतं तर चालकांनी वायर कापली असती, आणि ती सापडायला महिने गेले असते.

रहिवाशांची तक्रार

पंधरा दिवसांत मागच्या इमारतीतून लेखी तक्रार आली. निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि पहाटे पाच ही कायद्याच्या लेखी रात्रच. म्हणजे जिथे आवाजाची सगळ्यात जास्त गरज, तिथेच त्याला सगळ्यात कमी मोकळीक.

खिडकीशी जाऊन पाहिल्यावर कळलं की त्रास सुटणाऱ्या गाडीचा नव्हता, उभ्या गाडीचा होता. रांगेतले चालक गिअर ‘डी’मध्ये ठेवून ब्रेकवर पाय ठेवून बसायचे, आणि संच उभ्या गाडीलाही आवाज देत होता. १३८ क्रमांकाचा नियम उभ्या गाडीला आवाज सक्तीचा करत नाही. दुसरीकडे, दृष्टिहीन प्रवाशांना उभी गाडी कळायला हवी होती, कारण दरवाजा शोधायचा असतो. दोघांचंही म्हणणं रास्त.

तोडगा निघाला तो असा: उभ्या गाडीला आवाज नाही. हँडब्रेक सुटला आणि गिअर ‘डी’मध्ये असेल तर हलण्याआधी मंद आवाज सुरू, ३ सेकंदांत गाडी हलली नाही तर तो बंद. स्पीकरचं तोंड खाली आणि पुढे वळवलं, म्हणजे खिडकीकडे जाणारा भाग कमी झाला. पातळी मात्र ५८ वरच ठेवली. उभ्या गाडीच्या दरवाज्यासाठी वाहकाने मार्ग क्रमांक तोंडी सांगायचा असं ठरलं. हे जिथे वाहक चढलेला असतो तिथेच चालतं, आणि काही फेऱ्यांना वाहक गाडीत नसून थांब्यावर असतो. हा भाग अपुराच राहिला.

निष्पत्ती

पहाटेच्या चाचणीत १० किमी वेगाची गाडी पहिल्या आवाजाने ४-५ मीटरवर कळत होती, सुधारलेल्या आवाजाने ९-१० मीटरवर, आणि दिशा पाचही जणांनी ठीक दाखवली. खराट्याची चाचणी मुद्दाम वेगळी केली: झाडत असताना तीच गाडी ६ मीटरवर कळली, म्हणजे लागणाऱ्या ७ मीटरपेक्षा थोडी कमीच. त्यामुळे झाडण्याची वेळ पहिल्या गाडीच्या आधी घेतली. संध्याकाळी अपेक्षेप्रमाणे कोणताही आवाज २ मीटरपलीकडे कामाचा ठरला नाही. तिथे चौकीच्या डाव्या कडेला रेलिंग आलं, वेग १० किमीवर बांधला आणि गर्दीच्या दोन तासांत स्टार्टरने गाडी निघताना समोर उभं राहून शिटी द्यायचं ठरलं. वर्षभरात नोंदवहीत पहाटेची तशी तक्रार आली नाही. एका चौकीच्या एका वर्षावरून मोठा निष्कर्ष काढू नये.

काय वेगळं करता आलं असतं

दृष्टिहीन प्रवाशांना आवाज तयार झाल्यावर बोलावलं. त्यांना आधी बोलावलं असतं तर मधल्या पट्ट्याची चूक पहिल्याच दिवशी कळली असती आणि एक पूर्ण फेरा वाचला असता. डाव्या बाजूचं मोजमाप स्पीकर बसवण्याआधी करायला हवं होतं. चालकांना फक्त सूचना दिली, एक पूर्ण पाळी गाडीत बसून कुणी पाहिलं नाही. आणि आरसा: इतक्या कामात डाव्या आरशाची उंची आणि तो किती बाहेर येतो याकडे उशिरा लक्ष गेलं. आवाज कितीही चांगला केला तरी बाईंच्या खांद्याला लागला तो आरसा.

देखभालीत पावसाळ्याने शिकवलं. कागदी शंकूचा स्पीकर जुलैत दोन गाड्यांवर फाटला. पॉलिप्रॉपिलीनचा बंद डब्यातला घेतला, तळाला ६ मिमीचं निचऱ्याचं भोक ठेवलं. खाऱ्या हवेने जोडांवर हिरवा थर चढतो, म्हणून दर तीन महिन्यांनी जोड उघडून ग्रीस. सकाळच्या तपासणीत फिटरने फ्यूज बघणं पुरेसं नाही, गाडी एक चाकफेरा पुढे घेऊन कानाने ऐकायची, कारण जाळीत चिखल भरला की आधी वरचा थर जातो आणि खालची घरघर तशीच राहते.

एक अडचण सुटलेली नाही. पाऊस जोरात असताना छत्रीवर पडणाऱ्या थेंबांचा आवाज कानापासून वीतभर अंतरावर असतो आणि तो वरच्या थराला झाकून टाकतो. प्लास्टिकच्या रेनकोटची टोपी उरलेलं काम करते. अशा पहाटे गाडी कळते ती खालच्या थरामुळे, दिशेशिवाय. पुढच्या पावसाळ्यात खालचा थर ३ डेसिबलने वाढवून त्याच चौकीत पुन्हा चाचणी घ्यायची आहे, छत्री उघडून.